नदीतले शिंपले जपायचे तर आधी पिल्लं शोधा

शिंपला म्हटलं की बहुतेकांना समुद्र आठवतो. पण भीमा, नीरा, घोड, कृष्णा, गोदावरी यांच्या काठी वाढलेल्या माणसाला नदीचा शिंपला चांगला ठाऊक असतो. शिंपला पालथा धरून दगडावर घासायचा, मधोमध भोक पडलं की त्याच्या धारेने कैऱ्या सोलायच्या, हा उन्हाळी उद्योग कितीतरी गावांत चालायचा. आज त्याच नद्यांत उतरलं तर पुष्कळ ठिकाणी नुसती रिकामी टरफलं हाती लागतात. काही ठिकाणी जिवंत शिंपले आहेत, पण सगळे मोठे, जून झालेले. मला जास्त काळजी वाटते ती या दुसऱ्या प्रकाराची. वरवर बघणाऱ्याला वाटतं, इथे तर भरपूर आहेत, नदी ठीक असणार.

मोठा शिंपला घाण पाणी बराच काळ सोसतो, पिल्लू सोसत नाही. पिल्लं नसलेली शिंपल्यांची वस्ती म्हणजे तरुण मंडळी पुण्या-मुंबईला निघून गेलेलं गाव: घरं उभी असतात, चुली पेटतात, पण शाळेच्या पटावर नाव नसतं. म्हणून इथे दिलेली सगळी पद्धत एकाच प्रश्नाभोवती आहे. आपल्या नदीत शिंपल्यांची नवी पिढी येते आहे का, आणि येत नसेल तर ती कुठे अडते आहे?

गावची जैवविविधता व्यवस्थापन समिती, कॉलेजची मुलं, निसर्गमंडळं, नदीवर पोट असलेले भोई, कुणालाही हे काम करता येईल. खर्च अगदी थोडा आहे. लागतो तो संयम, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी येण्याची तयारी.

त्याचा जन्म समजून घ्या

नर शिंपला पाण्यात शुक्राणू सोडतो. मादी पाणी आत ओढते त्याबरोबर ते तिच्यात जातात, अंडी तिच्या कल्ल्यांतच फळतात आणि तिथेच अळ्या तयार होतात. या अळीचं नाव ग्लोचिडियम. मिलिमीटरचाही लहानसा अंश, पण तिलाही दोन झडपा असतात. बाहेर पडली की तिला मासा लागतो. माशाच्या कल्ल्याला किंवा पराला ती चिमटा घेते, माशाची कातडी तिच्यावर वाढून तिला झाकून टाकते, आणि काही दिवस ते काही आठवडे त्या आवरणात राहून तिचा छोटा शिंपला होतो. मग ती मासा सोडून तळाला पडते. मासा मिळाला नाही तर काही दिवसांत मरते. एक मादी हजारांनी, मोठी असेल तर लाखांनी अळ्या सोडते, कारण बहुतेक वायाच जाणार असतात.

तळाला पडलेलं पिल्लू लगेच वाळूत शिरतं आणि सुरुवातीचा मोठा काळ तिथेच गाडून घेऊन काढतं. वाळूच्या कणांमधून जे पाणी फिरतं तेवढंच त्याचं जग. त्या पाण्यात प्राणवायू हवा, अमोनिया नको.

तेव्हा नवी पिढी तीन ठिकाणी अडू शकते: मासे, वाळू आणि पाणी. मोठे शिंपले मोजून यातलं काहीच कळत नाही.

तुमच्याकडे कोणता शिंपला आहे

दख्खनच्या नद्यांत मुख्यतः दोन घराणी भेटतात. पहिलं लॅमेलिडेन्स: लांबट, गुळगुळीत, गडद तपकिरी ते काळपट, वाढला की १० सेंटीमीटरच्या आसपास. संथ पाणी, डोह, बंधाऱ्याचा फुगवटा, तलाव इथे तो रमतो. त्यातल्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिसच्या कडेने फिकट पट्टा असतो, लॅमेलिडेन्स कोरिआनस जास्त लांबोडका असतो. दुसरं पॅरेसिया: लहान, गोलसर, जाड कवचाचा, सहसा ३ ते ५ सेंटीमीटर, आणि कवचाच्या बिजागरीजवळच्या उंचवट्यावर नागमोडी, कोनाकोनाच्या उठावरेषा. त्याला वाहतं पाणी आणि वाळू-खडीचा तळ आवडतो. पॅरेसियाला जवळचा एक निळसर मोतिया अस्तराचा छोटा शिंपलाही मिळतो, त्याला इंडोनाया म्हणतात.

नवख्याची गडबड होते ती कॉर्बिक्युलाशी. हा दोन-अडीच सेंटीमीटरचा, त्रिकोणी, वरून खालपर्यंत कडेला समांतर अशा ठळक रेषांचा. याला वाढायला मासा लागत नाही. कॉर्बिक्युला भरपूर दिसला म्हणून बाकीचे शिंपले खुशाल आहेत असं धरू नका, आणि त्याला शिंपल्याचं पिल्लू समजून यादीत तर मुळीच टाकू नका. पिल्लं मोजायला निघालेल्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. हातात टरफल असेल तर बिजागरीच्या कडेचे दात भिंगातून बघा, कॉर्बिक्युलाच्या दातांवर बारीक करवतीसारख्या खाचा असतात.

शंका असेल तर रिकामं टरफल जपून ठेवा, उंचवटा, बिजागरी आणि आतली बाजू असे फोटो काढा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे विचारता येतं. पुणे परिसरातल्या गोड्या पाण्यातल्या शंख-शिंपल्यांवर तोनापी आणि मुळहेरकर यांनी १९६३ साली निबंध लिहिला होता. मुळा-मुठेवर काम करणाऱ्यांनी तो मिळवून वाचावा.

जागा आणि वेळ

दोन-तीनशे मीटरचा एकच पट्टा घ्या, त्यात थोडा डोह, थोडं उथळ वाहतं पाणी आणि थोडी वाळू आली पाहिजे. डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. पाणी उतरलेलं असतं, निवळलेलं असतं आणि शिंपल्यांवर उन्हाळ्याचा ताण आलेला नसतो.

धरणाखालची नदी असेल तर आवर्तन कधी सुटणार हे पाटबंधारे शाखेत विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका. एकट्याने उतरू नका. छातीच्या वरच्या पाण्यात, अनोळखी डोहात आणि वाळूउपशाच्या खड्ड्यांजवळ शोध घ्यायचाच नाही. पायात जुने बूट घाला आणि अंगावर जखम असेल तर काठावर बसून नोंदी घ्या, शहराखालच्या पाण्यात लेप्टोचा (जखमेतून शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका खरा आहे.

शोध: आधी काठ, मग हात, मग चाळण

पहिला तास काठ चाला. रिकामी टरफलं गोळा करून तीन ढीग करा. दोन्ही झडपा जोडलेल्या, आत चकाकी आणि मांसाचा अंश असलेली टरफलं ताजी. झडपा सुट्या पण वरची तपकिरी साल शाबूत असलेली मधली. पांढरी फटक पडलेली, खडूप्रमाणे भुगा होणारी जुनी. नदीत आज काय आहे आणि पूर्वी काय होतं याचा पहिला अंदाज या तीन ढिगांतून येतो. पॅरेसियाची फक्त पांढरी टरफलं मिळाली आणि ताजं एकही नाही, तर तो तिथून गेलेला असण्याची शक्यता मोठी.

टरफलांचा ढीग एकाच जागी, दगडाच्या आडोशाला किंवा काठाच्या चिखलात असेल तर ते कुणाचं तरी जेवण असतं. उघड्या चोचीचा करकोचा, म्हणजे मुग्धबलाक, आणि पाणमांजर दोघंही शिंपले खातात. त्याची काळजी करू नका, उलट पाणमांजराची खूण मिळाली तर नोंदवहीत ठळक लिहून ठेवा.

मग पाण्यात उतरा. गुडघाभर पाण्यात ओणवं होऊन दोन्ही तळहात तळावरून हळूहळू फिरवायचे, बोटं दोन-तीन इंच वाळूत घालून चाचपायची. निवळ पाण्यात तळाला काच बसवलेली बादली उपयोगी पडते. जिथे शिंपला रुतून बसलेला असतो तिथे वाळूत एक अरुंद फट दिसते. जरा थांबून बघितलं तर त्या दोन फटी निघतात: एकीच्या कडेला बारीक झालर, ती पाणी आत घेणारी, आणि दुसरी साधी कडेची, बाहेर सोडणारी. सावली पडली की दोन्ही मिटतात. पाणी उतरताना शिंपला सरकतो, त्याची ओरखड्यासारखी वाट चिखलात उमटते. त्या वाटेच्या टोकाला बोट घातलं की तो सापडतो.

किती जणांनी किती वेळ शोधलं ते लिहा. चार जणांनी अर्धा तास शोधलं तर दोन मनुष्यतास झाले. त्यात ३० शिंपले मिळाले तर मनुष्यतासाला १५. पुढच्या वर्षी हाच आकडा तुलनेला लागेल, म्हणून शोधण्याचा वेळ लिहिल्याशिवाय नुसती संख्या लिहू नका.

मात्र हाताला मोठेच शिंपले लागतात. पिल्लांसाठी चौकट आणि चाळण हवी. पीव्हीसी पाइपची किंवा गजाची ५० बाय ५० सेंटीमीटरची चौकट करून घ्या. पट्ट्यात डोळे मिटून टाकल्यासारख्या नव्हे, तर ठरावीक अंतरावर २० जागा आखा, म्हणजे जिथे बरं वाटतं तिथेच चौकट पडण्याचा मोह होत नाही. प्रत्येक जागी चौकट तळाला टेकवून आतली वाळू १० ते १५ सेंटीमीटर खोलीपर्यंत खुरप्याने काढा, घमेल्यात घ्या आणि गव्हाच्या चाळणीतून पाण्यातच चाळा. घाई केली तर हरभऱ्याएवढं पिल्लू खड्यात मिसळून निसटतं. चाळणीतला खडा पांढऱ्या ताटात ओतून बोटाने एकेक बाजूला करा. काम संपल्यावर वाळू त्याच खड्ड्यात परत टाका.

२० चौकटी म्हणजे ५ चौरस मीटर. त्यात १५ शिंपले आले तर घनता चौरस मीटरला ३. बहुतेक चौकटी रिकाम्या निघतील आणि दोन-तीनच भरतील. शिंपले कळपाने बसतात, त्यामुळे रिकामी चौकटही वहीत लिहिलीच पाहिजे.

हातातला शिंपला

उचललेला शिंपला ओल्या गोणपाटावर, सावलीत ठेवा. बादलीतल्या उन्हाने तापलेल्या पाण्यात कोंबू नका. काही मिनिटांत मोजून परत सोडायचा आहे.

निरोगी शिंपला हात लागताच मिटतो आणि दोन बोटांनी झडपा ढकलल्या तर दाद देत नाही. संथपणे मिटणारा, अर्धवट उघडाच राहणारा, ज्याचं मांस आक्रसलेलं आणि फिकं दिसतं तो आजारी. असे आजारी वेगळे मोजा. उंचवट्यावरची साल झिजलेली असणं ही मात्र वयाची खूण आहे, त्याला रोग समजू नका. आत काय आहे ते बघायला झडपा फाकवायच्या नाहीत: स्नायू फाटतो, आणि मादीच्या कल्ल्यात अळ्या असतील तर त्याही जातात.

व्हर्नियर कॅलिपरने लांबी मोजा, मिलिमीटरपर्यंत. कवचावरच्या रेषा मोजून वय सांगायचा मोह टाळा. थंड देशांत हिवाळ्यात वाढ थांबते म्हणून रेषा वर्षाची धरतात, आपल्याकडे पूर, आटलेलं पाणी, आवर्तन यांपैकी कशानेही रेषा पडू शकते. वीस-पंचवीस शिंपल्यांचं कवच पुसून, कोरडं करून, फेव्हिक्विकच्या थेंबाने प्लास्टिकचा छोटा क्रमांक चिकटवलात तर पुढच्या वर्षी खरी वाढ कळेल.

परत सोडताना नुसता फेकू नका. कवचाचा उंचवटा मधोमध नसतो, एका टोकाकडे झुकलेला असतो. ते जवळचं टोक म्हणजे पुढची बाजू, ती वाळूत खाली. फटींचं टोक वर. उंचवटा कळला नाही तर तळावर आडवा ठेवा, निरोगी असेल तर पाय बाहेर काढून स्वतःच रुतेल.

आकड्यांवरून नवी पिढी ओळखा

लांबीचे गट पाडा: २ सेंटीमीटरपर्यंत, २ ते ४, ४ ते ६, ६ ते ८, त्याच्या वर. प्रत्येक गटात किती ते लिहा, आणि हे प्रत्येक जातीचं वेगळं. पॅरेसियाचा ४ सेंटीमीटरचा शिंपला प्रौढ असतो, लॅमेलिडेन्सचा ४ सेंटीमीटरचा पोर.

लॅमेलिडेन्समध्ये सगळे ७ सेंटीमीटरच्या वर आले आणि चाळणीतही लहान कुणी नाही, तर तिथे काही वर्षं नवी पिढी आलेली नाही. एका वर्षाच्या मोजणीवर घाबरून जाऊ नका, मोठ्या पुराने एखाद्या वर्षाची पिल्लं वाहून जातात. सलग दुसऱ्या वर्षीही तेच चित्र असेल तर अडथळा शोधायला लागा.

अडथळा कुठे आहे

*मासे.* भोयांशी बसा. पूर्वी जाळ्यात काय यायचं आणि आता काय येतं ते त्यांच्याइतकं कुणी सांगणार नाही. मरळ, वाम, कोळशी यांच्या जागी नुसती चिलापी येत असेल, उजनीत शिरलेला सकर मासा तुमच्याकडेही दिसत असेल, तर अळ्यांना बसायला पूर्वीचे मासे उरले नाहीत असं समजा. सरकारी बीजसंचयनातले रोहू-कटला हे त्याला उत्तर नाही. नदीत जे मूळचे मासे होते, त्यांच्याबरोबरच या शिंपल्यांची जीवनरीत घडली आहे. विकायला आलेल्या ताज्या माशांचे कल्ले उचलून दहापट भिंगातून बघायची परवानगी मागा. कल्ल्याच्या तंतूंवर, परांच्या कडेला रव्यापेक्षा बारीक पांढरे ठिपके दिसले तर त्या अळ्या असू शकतात, इतर परजीवीही असू शकतात, म्हणून फोटो काढून जाणकाराला दाखवा. यासाठी वेगळे मासे मारायची गरज नाही.

मच्छरदाणीच्या कापडाची जाळी, जिलेटिन, ब्लिचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकून केलेली मासेमारी, यातलं काहीही चालत असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी ते थांबवा. ब्लिचिंग पावडर मासे आणि शिंपले दोघांनाही मारते. महाडजवळच्या वाळण कोंडीत, वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेवर, देवाचे मासे म्हणून कुणी जाळं टाकत नाही. तुमच्या गावात असा एखादा देवाचा डोह असेल तर त्याची राखण पुन्हा सुरू करणं हा ग्रामसभेत सगळ्यात लवकर मान्य होणारा उपाय आहे.

*वाळू.* पाच-सहा सेंटीमीटर खोलीवरची वाळू मुठीत घेऊन वास घ्या. काळी आणि सडक्या अंड्याच्या वासाची असेल तर तिथे प्राणवायू नाही, पिल्लू जगणार नाही. मूठभर वाळू बरणीत पाणी घालून हलवा आणि स्थिर ठेवा. वाळू झटकन खाली बसते, वर गाळाचा थर किती जमतो तो पट्टीने मोजा. दरवर्षी हा थर वाढत असेल तर वरच्या अंगाला काठ ढासळतो आहे किंवा शेतातली माती येते आहे. उत्सवानंतर विसर्जनाच्या जागी बसणारा प्लास्टर ऑफ पॅरिसचा थरही याच हिशोबात धरा.

वाळूउपसा होत असेल तर जिथे वाळू चाळतात त्या जागेवर दुरून नजर टाका. चाळून बाजूला टाकलेल्या खड्यात शिंपले मिळतात. फोटो, तारीख, जागा एवढं घेऊन तहसीलदारांकडे लेखी द्या, तेही समितीच्या नावाने. उपसा करणाऱ्यांशी नदीपात्रात वाद घालू नका. शिंपल्यासाठी कुणी जीव धोक्यात घालावा असं मी सांगणार नाही.

*पाणी.* इथे जरा आकड्यांत शिरावं लागेल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ साली गोड्या पाण्यातल्या अमोनियाची मर्यादा नव्याने ठरवली, ती शिंपल्यांची संवेदनशीलता लक्षात घेऊन. सामू (पीएच) ७ आणि तापमान २० अंश असताना, दीर्घ काळासाठी एकूण अमोनिया-नायट्रोजन लिटरला १.९ मिलिग्रॅमपर्यंत. या स्थितीत एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.४ टक्के मुक्त, म्हणजे विषारी रूपात असतो. आपल्या नदीचं उन्हाळ्यातलं पाणी घ्या: सामू ८, तापमान ३० अंश. तिथे मुक्त अमोनियाचा वाटा सुमारे ७.५ टक्के होतो. एकूण आकडा तोच, विष जवळजवळ १९ पट.

आता आपल्याकडचा निकष बघा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या 'ड' वर्गाला विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. वरच्या १.९ मिलिग्रॅममधला मुक्त भाग ०.००८ मिलिग्रॅमही भरत नाही. म्हणून 'पाणी ड वर्गात बसतं' असं कुणी सांगितलं तर ते पिल्लांच्या दृष्टीने समाधानाचं कारण नाही.

मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया आणि सामू तपासायचे संच मिळतात. पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास, अशा दोन वेळा तपासा. शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे दुपारी सामू चढतो, तेव्हा अमोनिया सगळ्यात घातक असतो. प्राणवायू मात्र पहाटे सगळ्यात कमी असतो. फक्त सकाळी दहाला नमुना घेतला तर दोन्ही धोके नजरेतून सुटतात. शहराचा किंवा मोठ्या गावाचा नाला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली दोन-तीन ठिकाणी तपासलं की दोष कुठून येतो ते कागदावर दिसतं.

द्राक्षपट्ट्यात आणखी एक गोष्ट बघा: मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. बोर्डो मिश्रणातलं तांबं शिंपल्यांच्या पिल्लांना फार थोड्या प्रमाणातही बाधतं. फवारणीचे पंप नदीत किंवा ओढ्यात धुवायचे नाहीत, एवढा एक नियम बागायतदारांनी पाळला तरी पुष्कळ फरक पडेल.

पाणी ओसरताना: शिंपले वाचवणं

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की फुगवटा काही तासांत उतरतो. शिंपला सरकतो, पण तेवढ्या वेगाने नाही. पुलाची दुरुस्ती, नदीचं खोलीकरण, गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवारसारख्या योजनेतला गाळउपसा, यांतही तेच होतं. गाळाबरोबर ट्रॉलीतून शिंपले शेतात जातात. पोकलेन येण्याच्या आदल्या आठवड्यात तारीख मिळवली तर निम्मं काम झालं.

पहाटे सुरुवात करा आणि ऊन चढायच्या आत आटपा. उघडे पडलेले आणि चिखलात वाट उमटवून रुतलेले शिंपले वेचा, ओल्या गोणपाटात एकाच थरात ठेवा, वर ओलं कापड. सोडायची जागा आधीच ठरलेली हवी: तीच नदी, तोच पट्टा, जवळात जवळचं उन्हाळ्यातही न आटणारं पाणी. बोलीभाषेत सांगायचं तर शिंपल्याला सोयरीक लांबची नको. दुसऱ्या नदीत, दुसऱ्या खोऱ्यात नेलं तर रोग आणि परजीवीही बरोबर जातात. ढिगाने ओतू नका, हातभर अंतरावर एकेक बसवा. लॅमेलिडेन्स डोहात, पॅरेसिया वाहत्या खडीवर. संख्या, जाती आणि मेलेले किती ते लिहा, आणि महिन्याभराने तिथे जाऊन किती टिकले ते बघा. हे शेवटचं लोक करत नाहीत, आणि मग वाचवले की जागा बदलून मारले ते कधीच कळत नाही.

गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या शेतीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिसमध्ये मोती घडवण्याचं तंत्र भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने विकसित केलं, आणि ते चांगलं तंत्र आहे. पण शस्त्रक्रियेला ८ सेंटीमीटरच्या वरचे शिंपले लागतात. ते नदीतून उचलले तर नेमक्या पुष्कळ अळ्या देणाऱ्या माद्या जातात. तुमच्या पट्ट्यातून गोणीने शिंपले जात असतील तर समितीने ठराव करून ते बंद करावं. मोत्यांची शेती करणाऱ्यांनी आपल्या तळ्यात माशांसह शिंपल्यांची पैदास करावी, हाच सरळ मार्ग आहे.

एकदम मरतूक झाली तर

मासे आणि शिंपले दोन्ही मेले असतील, पाण्याला वास आणि रंग असेल, तर प्राणवायू संपला किंवा विष आलं. साखर पट्ट्यात मळीमिश्रित पाण्याने हे होतं, पंचगंगा आणि कृष्णाकाठच्या लोकांना ते सांगायला नको. मासे ठीक आणि फक्त शिंपले मरत असतील तर वेगळा विचार करावा लागतो. अमेरिकेत क्लिंच नदीत २०१६ पासून एका जातीचे शिंपले मोठ्या संख्येने मेले, आणि २०२० साली संशोधकांनी त्या मरतुकीचा एका नव्या विषाणूशी संबंध दाखवला. तेव्हा कारण ठरवायची घाई नको, पुरावा गोळा करायची घाई हवी.

त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात: स्वच्छ बाटल्यांत पाणी भरा, घटनेच्या जागचं आणि तिच्या वरच्या अंगाचं, आणि बर्फात ठेवा. पाण्याचा प्राणवायू, सामू, तापमान जागीच मोजा. नुकतेच मेलेले आणि मरणपंथाला लागलेले काही शिंपले निम्मे बर्फात आणि निम्मे स्पिरिटमध्ये ठेवा. कुजलेले काही कामाचे नाहीत. एक चौकट टाकून चौरस मीटरला मेलेले किती, जिवंत किती ते मोजा. तारीख-वेळ दिसेल असे फोटो. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला आणि मत्स्यव्यवसाय विभागाला लेखी कळवा, पोच घ्या, आणि पंचनामा होताना हजर राहा. दुसऱ्या नदीवर जाण्याआधी बूट, जाळी, चौकट धुऊन कडक उन्हात वाळवा.

वही

प्रत्येक मोजणीचं एक पान: तारीख, जागा, पाण्याची खोली, मनुष्यतास, चौकटींची संख्या, जातवार लांबीचे गट, आजारी किती, ताज्या-मधल्या-जुन्या टरफलांचे आकडे, वाळूचा वास, गाळाचा थर, अमोनिया, सामू, त्या हंगामात जाळ्यात आलेले मासे. पानाच्या वर लाल शाईने एकच आकडा लिहा: पिल्लं किती. जैविक विविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. शिंपल्यांची पानं त्या नोंदवहीत अधिकृतपणे जोडून घ्या, ठराव क्रमांकासह. पुढे खोलीकरणाचा किंवा काठ काँक्रीटने बांधायचा प्रस्ताव आला, तर काठाच्या उथळ पाण्यात कोण राहतं हे सांगायला ही पानं लागतील. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक भोयांच्या वस्तीत ठेवा. पुढच्या मोजणीची तारीखही आत्ताच, याच पानाच्या खाली लिहा.